मानमोडीचा ताप आणि अंगावर काढणाऱ्या बायका



थंडी पडली, दारादारांत शेकोट्या पेटल्या, की आमच्या गटांच्या बैठकींत नाकाला पदर लावून बसलेल्या दोघी-तिघी हमखास दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, “काही नाही, जरा कणकण आहे.” त्या कणकणीत बाई पहाटे उठलेली असते, पाणी भरलेलं असतं, भाकऱ्या थापून झालेल्या असतात, रानातली एक फेरीही झालेली असते. याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, असं आपण सहज म्हणतो आणि त्यात थोडं कौतुकही असतं.

हिवाळ्यातल्या फ्लूपासून स्वतःला कसं जपायचं, हा आजचा विषय आहे. पण सूचनांची यादी वाचून दाखवण्याआधी आम्ही तुम्हाला एक इतिहास सांगणार आहोत. शंभर वर्षांपूर्वी याच फ्लूने आपल्याच मुलखात लाखो माणसं नेली आणि त्यात बायका जास्त गेल्या. का गेल्या, ते कळलं की स्वतःला जपण्याचा अर्थ आपोआप कळतो.

मुंबईच्या गोदीतून

१९१८ साल. युरोपात पहिलं महायुद्ध चालू होतं आणि आपल्याकडचे हजारो शिपाई इंग्रजांच्या फौजेतून परदेशात लढत होते. त्यांना ने-आण करणारी जहाजं मुंबईच्या बंदराला लागत. त्या वर्षी जूनच्या दहा तारखेच्या सुमारास मुंबईच्या गोदीत पहारा देणारे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडून दवाखान्यात दाखल झाले. हिवतापासारखा हा ताप नव्हता. पाठोपाठ गोदीतले कामगार पडले, मग कचेऱ्यांतले कारकून, गिरण्यांतले कामगार, रेल्वेचे लोक. महिना संपेपर्यंत शहरातल्या घराघरांत कुणी ना कुणी अंथरुणावर होतं.

पहिली लाट तशी सौम्य होती. तीन दिवस ताप, अंग ठणकणं, मग हळूहळू उतार. बहुतेक माणसं बरी झाली आणि लोकांना वाटलं, गेली साथ.

सप्टेंबरमध्ये ती परत आली आणि या वेळी तिचं रूप वेगळं होतं. ताप चढायचा, दोन-चार दिवसांत छाती भरायची, श्वास लागायचा, ओठ-नखं निळी पडायची आणि धडधाकट माणूस जायचा. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं दगावली. शहराला प्लेगची, पटकीची सवय होती, पण एवढे मृत्यू एका दिवसात फार क्वचित पाहिलेले होते.

तिथून हा ताप रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेला. सुट्टीवर घरी निघालेला शिपाई, गावाकडे पळालेला गिरणी कामगार, टपाल घेऊन जाणारा नोकर, ज्याच्या त्याच्या श्वासातून तो गावात उतरला. पहिली लाट मुख्यतः शहरांत राहिली होती. दुसरी खेड्यापाड्यांत शिरली. मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांना देशात सगळ्यात मोठा तडाखा बसला.

आपल्याकडे लोकांनी या तापाला मानमोडी म्हटलं. या रोगात मान धरत नाही, डोकं उचलवत नाही, सगळं अंग मोडून येतं. डॉक्टर त्याला इन्फ्लुएंझा म्हणत. त्याचंच तोकडं नाव फ्लू. काही ठिकाणी त्याला लढाईचा तापही म्हणत, कारण तो लढाईबरोबर आला होता. जगात त्याला स्पॅनिश फ्लू हे नाव पडलं, पण तो स्पेनमध्ये जन्मला म्हणून नव्हे. लढणाऱ्या देशांनी आपापल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घातली होती. स्पेन लढाईत नव्हता, त्यामुळे तिथल्या बातम्या उघड छापल्या गेल्या आणि नाव त्याच्या माथी बसलं.

किती माणसं गेली

सरकारने सुरुवातीला देशातल्या मृत्यूंचा आकडा साठ लाखांच्या आसपास धरला. नंतरच्या अभ्यासकांनी खानेसुमारीच्या आकड्यांवरून पुन्हा हिशोब केला, तेव्हा तो सव्वा कोटीच्या पुढे गेला. काहींच्या हिशोबाने तर दीड कोटीच्याही पुढे. जगात कुठल्याच देशात इतकी माणसं गेली नाहीत. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली.

एवढे मोठे आकडे डोक्यात राहत नाहीत, म्हणून दुसऱ्या बाजूने पाहू. आज ज्याला आपण महाराष्ट्र म्हणतो, त्या भूभागात १९११ च्या खानेसुमारीत सुमारे २ कोटी १४ लाख माणसं होती. दहा वर्षांनी, १९२१ मध्ये, ती सुमारे २ कोटी ८ लाख भरली. दहा वर्षांत घरोघर पाळणे हलले असतील, पोरं वाढली असतील, तरी माणसं वाढायच्या ऐवजी सहा लाखांनी कमी झाली. साऱ्या देशाचीही तीच गत झाली. त्यानंतर आजवर कुठल्याही खानेसुमारीत देशाची लोकसंख्या मागच्या खानेसुमारीपेक्षा कमी भरलेली नाही.

सरकारी अहवालांतच नोंद आहे की सरणाला लाकडं पुरेनात आणि नद्यांमध्ये प्रेतं साचली.

एकच ताप, पण सगळ्यांना सारखा नाही

हवेतून येणारा रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही, असं आपण म्हणतो. लागण होते तेव्हा ते खरं असतं. मरण येतं तेव्हा ते खरं राहत नाही. मुंबई शहरात त्या वर्षी नोंदलेले आकडे पाहा. युरोपियन लोकांमध्ये दर हजारी ८ जण गेले. पारशांमध्ये ९. हिंदूंमध्ये १९ च्या आसपास. आणि सरकारी नोंदीत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं होतं, त्यांच्यात दर हजारी ६१ पेक्षा जास्त. शहर एकच, ताप एकच. फरक होता तो खोलीत किती माणसं दाटीने झोपतात याचा, ताटात काय आहे याचा, आणि आजारी पडल्यावर अंथरुणावर पडून राहण्याची मुभा कुणाला आहे याचा.

त्या वर्षी पाऊसही फिरला होता. १९१८ चा पावसाळा आपल्या देशातल्या सगळ्यात वाईट पावसाळ्यांपैकी एक होता. सरासरीपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने कमी पाऊस पडला. पिकं करपली, चारा मिळेना, विहिरी तळाला गेल्या. लढाईमुळे धान्याचे भाव आधीच चढलेले होते. अर्धपोटी माणसांच्या गावांत मानमोडी शिरली. दुष्काळ पाहिलेल्या बाईला पुढचं सांगायला नको. घरात अन्न कमी पडतं तेव्हा कुणाचं ताट आधी हलकं होतं, हे आपल्याला माहीत आहे.

बायका का जास्त गेल्या

आता मुख्य गोष्ट. हा ताप लहान लेकरं आणि म्हातारी माणसं यांच्यापेक्षा वीस ते चाळीस वर्षांच्या तरण्याताठ्या माणसांवर जास्त तुटून पडला. जगभर तसंच झालं. पण हिंदुस्थानात त्यात आणखी एक गोष्ट झाली. पुरुषांपेक्षा बायका जास्त प्रमाणात मेल्या. १९११ मध्ये देशात दर हजार पुरुषांमागे ९६४ बायका होत्या, १९२१ मध्ये ९५५ राहिल्या. बायकांची ही घट एकट्या फ्लूने झाली असं नाही, पण फ्लूचा त्यात वाटा होता.

त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीही याची कारणं लिहून ठेवली आहेत. बायकांचं पोषण कमी होतं. त्या कोंदट, धुराने भरलेल्या घरांत जास्त वेळ असायच्या. घरातल्या प्रत्येक आजाऱ्याची सेवा त्यांच्याकडे होती, त्यामुळे प्रत्येकाचा श्वास, खोकला, थुंकी त्यांच्या अंगावर येत होती. आणि स्वतःला ताप चढला तरी त्या पडून राहत नव्हत्या.

हे शेवटचं कारण नीट समजून घेऊ. त्या काळी या रोगावर औषध नव्हतं. रोग कशाने होतो हेच डॉक्टरांना नक्की ठाऊक नव्हतं. फिफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये एक जीवाणू दाखवला होता आणि तोच फ्लूचं कारण आहे असं जगभर मानलं जात होतं. खरा दोषी त्याहून फार बारीक, साध्या सूक्ष्मदर्शकातून न दिसणारा विषाणू निघाला. माणसातला फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी शोधला. म्हणजे १९१८ च्या डॉक्टरच्या हातात ना नेमकं औषध होतं, ना लस. डॉक्टरही थोडे होते आणि त्यातले बरेच लढाईवर गेलेले. खेड्यात तर डॉक्टर नावालाही नव्हता.

मग ज्या घरांतली माणसं वाचली ती कशाने वाचली? पडून राहिल्याने, पाण्याने, पेजेने, उबेने. कुणीतरी उशाशी पाणी ठेवलं, कुणीतरी कण्हेरी पाजली, कुणीतरी अंगावर घोंगडी टाकली. ही सगळी शुश्रूषा बायकांनी केली. पण ती करणारी बाईच पडली तर तिला पाणी कोण देणार? जिथे सगळं घर एकदम झोपलं, तिथे ताप उतरण्याआधी तहान आणि भूक यांनीच माणसं जायची.

गरोदर बायकांचे हाल तर फार झाले. या रोगात गरोदर बाईला धोका जास्त असतो, हे जगभरच्या डॉक्टरांनी त्याच साथीत पाहिलं. पोटातल्या बाळांसकट कितीतरी बायका गेल्या. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, देशात जन्मांची संख्याही खूप घसरली.

एक नाव आपल्याला माहीत आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांचं नाव आपण दर वर्षी घेतो, घ्यायलाच हवं. पण १९१८ मध्ये घरोघर हेच करताना गेलेल्या बायकांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. त्यांची मोजदाद झाली ती फक्त खानेसुमारीच्या रकान्यात.

प्लेगची युक्ती इथे चालली नाही

आपल्या आज्या-पणज्यांना साथी नव्या नव्हत्या. देवीसाठी टोचून घ्यायचं हे गावाला कळलं होतं. पटकी आली की पाण्याची शंका घ्यायची. गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, आला आणि उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, हे लोक अनुभवातून शिकले होते. मानमोडीला यातलं काहीच लागू पडलं नाही. माळावर गेलं तरी ताप बरोबर गेला, कारण तो उंदरातून किंवा पाण्यातून येत नव्हता. तो माणसाच्या श्वासातून, शिंकेतून, खोकल्यातून येत होता. ज्याच्याबरोबर झोपडीत दाटीने झोपायचं, तोच तो देत होता.

सरकारचाही हात थबकलेला होता. प्लेगच्या वेळी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरांत घुसून तपासण्या केल्या होत्या आणि लोकांचा संताप एवढा झाला की जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. ती आठवण ताजी असल्याने १९१८ मध्ये सक्ती झाली नाही, पण पुरेशी मदतही पोचली नाही. मदत केली ती बरीचशी लोकांनीच. मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक चाळींतून औषधं घेऊन फिरले. जातीजातींच्या मंडळांनी, तरुणांनी दवाखाने उघडले. जिथे माणसं एकमेकांच्या दारात गेली, तिथे जीव वाचले. गटातल्या बायकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण गट म्हणजे दुसरं काय असतं?

विषाणू गेला नाही, वेश बदलत राहिला

१९१९ नंतर साथ ओसरली, पण फ्लू संपला नाही. हा विषाणू बहुरूप्यासारखा आहे. दर वर्षी थोडा वेश बदलतो. त्यामुळे एकदा फ्लू होऊन गेला तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा होऊ शकतो. आणि पन्नास-साठ वर्षांत दोन-तीनदा तो पार नवा होऊन येतो. १९५७ मध्ये तो एका जहाजावरून मद्रासला उतरला आणि देशात ४४ लाखांवर लोकांना लागण झाल्याची नोंद झाली. पण त्या वेळी नोंदलेले मृत्यू हजाराच्या आसपास राहिले. विषाणू १९१८ इतका घातकी नव्हता आणि तोवर न्यूमोनियावर औषधंही आली होती.

२००९ चा स्वाइन फ्लू तर आपल्यातल्या बहुतेकींना आठवत असेल. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली. तो विषाणू १९१८ च्या विषाणूच्या कुळातलाच होता. शास्त्रज्ञ दोघांनाही एच१एन१ म्हणतात. पुढे तो जगातच मुरला आणि आता दर वर्षीच्या फ्लूत असतो. २०१५ च्या सुरुवातीच्या थंडीत तो पुन्हा उसळला आणि त्या एका वर्षात देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळजवळ ३ हजार मृत्यू नोंदले गेले.

म्हणजे हिवाळ्यातल्या फ्लूला ‘साधी सर्दी’ म्हणण्याची चूक करू नये. आपल्याकडे तो वर्षातून दोनदा जोर धरतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चच्या आसपास. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत झोपतो, एका शेकोटीभोवती दाटीने बसतो आणि कोरड्या गार हवेत विषाणू जास्त वेळ तग धरतो.

आपण काय करायचं

१९१८ च्या बाईपेक्षा आपल्या हातात बरंच जास्त आहे. लस आहे, औषध आहे, १०८ ची गाडी आहे, आशाताई आहे. पण जी गोष्ट तेव्हा नडली ती आजही नडते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

पहिलं म्हणजे आडवं व्हा. सर्दीत नाक वाहतं, पण माणूस हिंडतं-फिरतं राहतं. फ्लू एकदम येतो. सकाळी बरं असतं आणि संध्याकाळी सणकून ताप, अंग ठणकणं, डोकेदुखी, कोरडा खोकला, पाय उचलवत नाही. असं झालं की ताप उतरून निदान एक दिवस जाईपर्यंत विश्रांती घ्यायची. त्यात तुमचाही जीव आहे आणि दुसऱ्यांचाही, कारण लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस आपल्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते. पाणी, पेज, वरणाचं पाणी, ताक, जे जाईल ते थोडं थोडं घेत राहा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते, हा नियम आजारपणात तरी मोडा.

दुसरं, पदर. आपला पदर घाम पुसतो, लेकराचं नाक पुसतो, गरम भांडं उतरवतो, ताट पुसतो आणि खोकला आला तर तोंडावरही तोच जातो. थंडीच्या दिवसांत नाका-तोंडासाठी वेगळा रुमाल ठेवा आणि रोज धुवा. रुमाल हाताशी नसेल तर कोपरात खोका, तळहातात नको. शिंकल्या-खोकल्यावर, आजाऱ्याचं केल्यावर, भाकरी करायला बसण्याआधी साबणाने हात धुवा. करोनात आपल्याच राज्यातल्या बचत गटांनी लाखो मास्क शिवले होते. घरात फ्लूचा आजारी असेल तेव्हा त्याने आणि त्याचं करणारीने तो मास्क पुन्हा लावायला काय हरकत आहे?

तिसरं, हवा. आजाऱ्याची खोली बंद करून ठेवू नका. एक खिडकी उघडी राहू द्या, अंगावर पांघरूण वाढवा. चुलीच्या धुरात आजाऱ्याला झोपवू नका. जमेल तर आजाऱ्याचं अंथरूण चार हात लांब टाका आणि सेवा करायला एकच धडधाकट माणूस ठरवा. ते माणूस दर वेळी बाईच असलं पाहिजे असं नाही. घरातल्या पुरुषाला पाण्याचा तांब्या उशाशी ठेवता येतो.

चौथं, दवाखाना कधी गाठायचा. घरातले जाणते काढा देतात, हळदीचं दूध देतात. त्याने घसा शेकतो, बरं वाटतं, हरकत नाही. पण त्याने विषाणू मरत नाही. सुई मारून घेतली, सलाइन लावलं की झालं, असंही नाही. जीवाणूंवरची औषधं, म्हणजे अँटिबायोटिक, विषाणूवर चालत नाहीत, ती मनाने घेऊ नका. फ्लूवर वेगळं औषध आहे. ते लवकर, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं आणि ते डॉक्टरनेच द्यायचं असतं. म्हणून गरोदर बाई, पाच वर्षांखालचं लेकरू, पासष्टीपुढचं माणूस, साखर, दमा, हृदयाचं दुखणं असलेलं माणूस, यांना फ्लूची शंका आली की पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आणि कुणालाही धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, थुंकीत रक्त आलं, गुंगी आली, लेकरू दूध ओढेना किंवा भराभर श्वास घेऊ लागलं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

अंगावर पाजणाऱ्या आईला फ्लू झाला तर पाजणं तोडायचं नाही. हात धुवायचे, नाक-तोंड झाकायचं आणि पाजायचं.

पाचवं, लस. विषाणू वेश बदलतो म्हणून लसही दर वर्षी बदलते आणि दर वर्षी घ्यावी लागते. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा साथ दारात येण्याआधी घ्यायची. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण जिवावरचं दुखणं टळण्याची शक्यता खूप वाढते. आपल्या राज्याने २०१५ पासून गरोदर बायका आणि साखर, रक्तदाब असलेल्या लोकांना सरकारी दवाखान्यांतून ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. तुमच्या केंद्रात ती सध्या आहे का, कुणाला मिळेल, हे एएनएम ताईंना विचारा. गटातली एखादी गरोदर असेल तर तिच्यासाठी गटाने विचारावं.

गटाने करायचे ठराव

एकटीने आडवं व्हायचं म्हटलं तर होता येत नाही, हे आम्ही रोज पाहतो. दूध घालायचं असतं, हप्ता भरायचा असतो. ऊसतोडीला गेलेल्या मैत्रिणींचा तर खाडा पडला की पैसे कापले जातात, मग तापातही कोयता सुटत नाही. मुकादम आणि मालक यांच्याशी भांडायला वेगळं बळ लागतं आणि ते एका भाषणाने येत नाही. पण आपल्या गटापुरते नियम तर आपल्या हातात आहेत. पुढच्या बैठकीत हे चार ठराव मांडून पाहा.

एक, तापाने न आलेल्या सभासदाला गैरहजेरीचा दंड लावायचा नाही. दंडाच्या धाकाने बाई फ्लू घेऊन बैठकीला येते आणि पंधरा घरांना तो वाटून जाते. तिची बचत शेजारणीच्या हाती घ्यायची.

दोन, गटातली बाई पडली तर पाच दिवस तिच्या घरची भाकरी-भाजी दोन-दोन सभासदांनी वाटून घ्यायची. ताट उंबऱ्यावर ठेवलं तरी चालेल.

तीन, आजारपणासाठीचं अंतर्गत कर्ज बैठकीची वाट न पाहता अध्यक्ष-सचिवांनी त्याच दिवशी द्यायचं. दवाखान्याला उशीर होतो तो पुष्कळदा गाडीभाड्यासाठी होतो.

चार, संक्रांतीचं हळदी-कुंकू. ते नेमकं फ्लूच्या भरात येतं. या वर्षी ते खोलीत दाटीवाटीने करण्याऐवजी अंगणात करू आणि जिला ताप-खोकला आहे तिचं वाण घरपोच पाठवू. ती आली नाही म्हणून कुणी मनाला लावून घ्यायचं नाही.

१९१८ च्या बायकांनी सगळ्यांचं केलं, पण त्यांचं करायला कुणी उरलं नाही. तुमच्या-आमच्या घरांतही त्यांपैकी कुणी होती. कुणाच्या पणजीची सवत आली ती त्याच सालानंतर, कुणाचे आजोबा आईविना मामाकडे वाढले. मानमोडीची अशी एखादी गोष्ट तुमच्या सासूने, आजीने सांगितलेली असेल तर ती गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि त्याच पानावर खाली हे चार ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्या.